सेमाडोहच्या वाटेवरची डिझेल जीप

जुनी डिझेल फोर-बाय-फोर गाडी दोन वाटांनी मालकाच्या दारात येऊ शकते. एक वाट परदेशातून जहाजाने, दुसरी जवळच्या कुणाकडून सेकंडहँड. जगात पहिल्या वाटेचे चाहते पुष्कळ आहेत. टोयोटाची लँड क्रूझर, इंग्लंडची लँड रोव्हर आणि निसानची पॅट्रोल या गाड्या वीस-तीस वर्षे चालून झाल्यावरही एका देशातून दुसऱ्या देशात विकल्या जातात. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला तिथल्या सुरक्षा-मानकांतून सूट मिळते, कॅनडात पंधरा वर्षांनीच. त्यामुळे तिकडे हा रीतसर व्यापार झाला आहे. भारतात, आणि म्हणून वऱ्हाडात, पहिली वाट जवळपास बंद आहे. परतवाडा ओलांडून मेळघाटात शिरल्यावर दिसणारी जुनी डिझेल फोर-बाय-फोर जवळजवळ नेहमी महिंद्राची जीप असते. ही जीपही मुळात आयात होऊनच आली. पण ती सुट्या भागांच्या पेट्यांतून आली आणि इथेच राहिली.

आधी बंद वाटेचे पाहू. परदेशात वापरलेली मोटार भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवे, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, आणि गाडी उतरवायची ती मुंबई बंदरातच. शिवाय वापरलेल्या गाडीवरचे शुल्क इतके जबर असते की सारे कर धरता गाडीच्या मूळ किमतीहून जास्त रक्कम सरकारजमा होते. तीन वर्षांची अट लागली की ‘जुनी’ हा शब्दच निकालात निघतो. आखातात नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी लँड क्रूझर वापरलेली असते आणि परतताना ती बरोबर आणावीशी वाटणे साहजिक आहे. पण तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे, आणि डावीकडून चालवायच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचे कलम १२० आडवे येते. परदेशी प्रवासी आपली डिझेल गाडी घेऊन भारतातून जाताना कधीमधी दिसतात. त्या ‘कार्ने’ नावाच्या हमीपत्रावर तात्पुरत्या आलेल्या असतात आणि मुदत संपण्याआधी त्यांना देश सोडावा लागतो. त्या इथे विकता येत नाहीत.

जुन्या जीपगाड्या परदेशातून मागवण्याचा एक मोठा सरकारी प्रयोग स्वातंत्र्यानंतर लगेच झाला होता. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने दुरुस्त केलेल्या २,००० जुन्या जीपगाड्यांची मागणी नोंदवली. त्यांपैकी १५५ गाड्या आल्या आणि त्याही लष्कराला वापरता येण्याजोग्या निघाल्या नाहीत. बहुतेक पैसे गाड्या प्रत्यक्ष पाहण्याआधीच देण्याचा करार झाला होता. या प्रकरणाची संसदेत अनेक वर्षे चर्चा झाली आणि ‘जीप घोटाळा’ म्हणून त्याची इतिहासात नोंद झाली. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी त्यात आजही एक व्यवहारी गोष्ट आहे: पैसे मोजण्याआधी गाडीखाली शिरून पाहिले पाहिजे.

त्याच सुमारास मुंबईत वेगळा मार्ग निघाला. २ ऑक्टोबर १९४५ रोजी के. सी. महिंद्र, जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्याआधीच, १९४७ मध्ये, कंपनीने अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँडकडून ७५ जीपगाड्यांचे सुटे भाग आणवले होते. हे भाग माझगावात जोडले जात. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला, काम कांदिवलीला गेले, नाशिकलाही कारखाना झाला. अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात निघालेले सीजे-३बी हे मॉडेल भारतात त्यानंतर कितीतरी वर्षे चालू राहिले. उंच बोनेट ही त्याची खूण. व्हॉल्व्ह वर असलेले नवे ‘हरिकेन’ इंजिन जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून ते उंच करावे लागले होते.

हे इंजिन पेट्रोलचे होते: १३४ घनइंची, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे. ताकद चांगली, तहान मोठी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलचे भाव चढले आणि जीप पोसणे जड जाऊ लागले. महिंद्राकडे उत्तर घरातच होते. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीशी १९६३ मध्ये झालेल्या भागीदारीतून बी-२७५ ट्रॅक्टर बनत होता. त्याचे १४४ घनइंची, म्हणजे सुमारे २,३६० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले गेले. शेत नांगरायला केलेले इंजिन अशा रीतीने रस्त्यावर आले. ते खडखडते, हलते, वेगात जायला राजी नसते. पण कमी फेऱ्यांवर ओढते आणि त्याची दुरुस्ती ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला येते. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात ट्रॅक्टरचा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतोच, म्हणून हा दुसरा गुण पहिल्याहून कमी मोलाचा नव्हता.

पुढचा टप्पा फ्रान्समधून आला. प्यूजो कंपनीच्या परवान्यावर एक्सडीपी ४.९० हे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागले. नावातच त्याचे माप आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर. क्षमता २,११२ घनसेंटिमीटर, ताकद ६२ अश्वशक्तीच्या आसपास. फ्रान्समध्ये हेच इंजिन प्यूजो ५०४ या घरगुती मोटारीत बसत असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या एमएम-५४० या जीपने ते गावोगावी नेले. वन खाते, पोलीस, पाटबंधारे, लष्कर, तहसील अशा सरकारी खात्यांच्या कामाचा मोठा भाग तिने उचलला. नंतर २.५ लिटरचे एक्सडी-३पी आले, आणि मार्शल, कमांडर, बोलेरो या गाड्यांतून डायरेक्ट इंजेक्शनचे एमडीआय इंजिन आले. पुण्याच्या बजाज टेम्पोनेही जर्मन मर्सिडीजच्या ओएम-६१६ या डिझेल इंजिनावर ट्रॅक्स काढली. मॅटॅडोरमधून ओळखीचे झालेले हेच इंजिन अनेक पेट्रोल जीपमध्ये मागाहून बसवले गेले.

या सगळ्यांत डिझेलच का टिकले, याचे पहिले कारण भावातली तफावत. पेट्रोलवरचे सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठले, डिझेलवरचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर चाळीसेक वर्षे डिझेल स्वस्त ठेवले गेले होते आणि काळी-पिवळी चालवणाऱ्यापासून कास्तकारापर्यंत सगळ्यांचा हिशेब त्यावर बसला होता. दुसरे कारण मात्र रस्त्यात आहे.

अमरावती आणि अकोला या दोन शहरांमधला राष्ट्रीय महामार्ग जून २०२२ मध्ये विक्रमामुळे गाजला. त्यावर ७५ किलोमीटर लांबीची एक पदरी डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकली गेली. अशा रस्त्याला चारही चाकांच्या ओढीची गरज नाही. पण महामार्ग सोडून शेताकडे वळले की पांदण रस्ता लागतो. त्यावरची काळी माती पावसात चाकाला थरावर थर चिकटते आणि टायरची खाचण भरून तो गुळगुळीत करून टाकते. आणि परतवाड्याहून उत्तरेला निघाले की आधी घाट चढतो, घटांगचे पठार लागते, आणि मग रस्ता सिपना नदीच्या खोऱ्यात सेमाडोहला उतरतो. परतवाड्यापासून हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. मुख्य रस्ता पुढे हरिसाल, धारणी करत बऱ्हाणपूरकडे जातो आणि तो डांबरी आहे. त्यापासून फुटणाऱ्या वाटांचे तसे नाही. माखल्याकडची चढण, रायपूर-हतरूच्या बाजूचे रस्ते, वनरक्षकांच्या चौक्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा आणि नाल्यांवरचे रपटे यांच्यासाठीच फोर-बाय-फोर लागते.

मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. १९७४ मध्ये तो जाहीर झाला. सागाच्या या जंगलात उन्हाळ्यात वणवा लागतो, पावसाळ्यात गस्त चुकवता येत नाही, आणि कोरकू गावांतून आजारी माणूस दवाखान्यापर्यंत आणायचा तर वेळेला जे वाहन उभे असेल तेच कामी येते. देशभरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना युनिसेफने एके काळी जीपगाड्या दिल्या, त्यामागे अशाच रस्त्यांचा विचार होता. पर्यटकांना जंगल दाखवण्याचे काम मात्र डिझेल जीपकडे राहिले नाही. ते मारुती जिप्सीने घेतले. १९८५ ते २०१९ या काळात बनलेली जिप्सी पेट्रोलवर चालते, हलकी आहे आणि आवाज व धूर कमी करते. जंगल पाहायला आलेल्या माणसासाठी ती योग्य, आणि जंगली जनावरांसाठीही तीच बरी. पाण्याच्या टाक्या, जाळरेषेवरची माणसे आणि अवजारे ओढायला डिझेलची ताकद उपयोगी पडते.

ही ताकद इंजिनापेक्षा गिअरांत जास्त असते. जीपच्या मुख्य गिअरबॉक्सला लागून आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याजवळ दोन छोटे दांडे दिसतात. एकाने पुढची चाके जोडली जातात, दुसऱ्याने ‘लो’ लागतो. सीजे-३बीच्या तीन गिअरच्या मूळ रचनेत पहिला गिअर साधारण २.८ पट, ट्रान्सफर केसचा लो २.४६ पट आणि ॲक्सलमधले दाते ५.३८ पट फेरी कमी करतात. तिन्हींचा गुणाकार केला तर चाकाची एक फेरी होईपर्यंत इंजिनाच्या ३७ फेऱ्या होतात. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर ठेवले तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास सरकते, म्हणजे चालत्या माणसापेक्षाही हळू. दगडगोट्यांच्या नाल्यात किंवा माखल्याच्या चढणीवर हाच वेग लागतो. क्लच अर्धवट दाबून गाडी ओढायची वेळ येत नाही आणि क्लच प्लेट जळत नाही. लो गिअर हेच या गाडीचे खरे सामर्थ्य आहे. विकत घेणारे बहुतेक जण टायर आणि बंपर पाहतात. आधी पाहायला हवा तो लो.

उतारावर त्याचा उपयोग आणखी मोठा. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सातेक पट दाबली जाते. एक्सडीपीसारख्या डिझेल इंजिनात ती वीस पटींहून जास्त दाबली जाते. लोमध्ये पहिला गिअर टाकून पाय काढून घेतला की हा दाब आणि आतले घर्षण गाडीला मागे धरून ठेवतात. ब्रेकवर पाय न ठेवता गाडी घाट उतरते. ते आवश्यकही आहे. जुन्या जीपला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात, आणि लांब उतारावर ते तापून सैल पडतात.

फोर-बाय-फोरचे नियम थोडे आहेत, पण ते मोडले की खर्च मोठा येतो. या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी सोय नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सारा ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि दात्यांवर येतो, दांडा अडकून बसतो आणि कधी क्रॉस तुटतो. म्हणून डांबर लागले की पुढची ओढ काढून टाकायची. लो टाकायचा तो चढण सुरू होण्याआधी, गाडी उभी करून. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील तर तेही आधीच लावून घ्यायचे, चिखलात रुतल्यावर गुडघ्यावर बसून नव्हे. चारही चाकांना ओढ असली तरी साधे डिफरन्शिअल सर्वांत कमी पकड असलेल्या चाकालाच फिरवत राहते. पुढचे एक आणि मागचे एक चाक हवेत किंवा चिखलात असेल तर गाडी जागची हलत नाही. अशा वेळी दगड-फांद्या टाकून पकड द्यावी लागते. फोर्सच्या गुरखा गाडीने पुढेमागे दोन्हीकडे डिफरन्शिअल लॉक देऊन हा प्रश्न सोडवला आहे.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर डिझेलला एक फायदा आहे: ठिणगीची गरज नसल्याने प्लग आणि वायरी भिजून इंजिन बंद पडत नाही. पण हवा घेणाऱ्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले की इंजिनचे रॉड वाकतात, कारण पाणी दाबले जात नाही. सिपना आणि तिच्या उपनद्या पावसात झपाट्याने चढतात. पाण्याचा जोर असेल तर चार चाकांची ओढ कामाची नसते, गाडी तरंगून सरकते. पाणी ओसरेपर्यंत थांबणे एवढाच उपाय. उथळ पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जाऊन ड्रम वाळवावे लागतात. नंतर डिफरन्शिअलचे तेल पाहायचे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी आत गेले आहे आणि तेल लगेच बदलले पाहिजे. हे टाळले की पहिली बेअरिंगे जातात.

थंडीत मेळघाट चांगलाच गार असतो. एक्सडीपीसारख्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न फवारता लहान कप्प्यात फवारले जाते, त्यामुळे सकाळी आधी हीटर प्लग तापवावे लागतात. एखादा प्लग गेला की सेल्फ फिरत राहतो, पांढरा धूर येतो आणि बॅटरी बसते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनाला हा व्याप नाही, पण ते जास्त खडखडते. एकदा चालू झालेले जुने डिझेल इंजिन विजेशिवाय चालते. ते बंदही नॉब ओढून, पंपातले डिझेल तोडून करावे लागते. म्हणून बॅटरी कमजोर असली की जुने चालक जीप उतारावर लावून ठेवतात, म्हणजे ती घरंगळवून चालू करता येते. डोंगराळ भागात ही सवय शहाणपणाची आहे.

आता विकत घेण्याचे. पहिला धोका म्हणजे जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी फोर-बाय-फोर नसते. काळी-पिवळीत धावलेल्या कमांडर-मार्शल बहुतेक फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. पुढच्या ॲक्सलला डिफरन्शिअलचा गोलाकार फुगा आहे का आणि तिथून ट्रान्सफर केसकडे शाफ्ट जातो का, हे वाकून पाहिले की कळते. मग लोमध्ये टाकून गाडी चढावर चालवून पाहायची. दांडा आपोआप निसटून न्यूट्रल होत असेल तर आतले दाते किंवा फोर्क झिजले आहेत. सीजे-३बीसारख्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. तिथली ऑइल सील गळली की लायनिंग तेलाने भिजते आणि हँडब्रेक नावापुरता राहतो. खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर किंगपिनची बेअरिंगे, पाट्यांचे बुश आणि स्टिअरिंगचे सांधे या क्रमाने तपासायचे. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडून तिथून धूर येतो का पाहायचे, तो येत असेल तर रिंग-पिस्टनचे काम निघणार. काळा धूर नोझल किंवा पंपाचा, निळा धूर ऑइल जळण्याचा. हे सारे दुरुस्त होते. परतवाडा, अकोट, अमरावती, अकोला इथे इंजिन बांधणारे फिटर आणि लेथ मिळतात, आणि महिंद्राचे अनेक भाग एका मॉडेलचे दुसऱ्याला बसतात. चेसिस मात्र गंजून फाटली किंवा वेल्डिंगने जोडलेली असली तर गाडी सोडून द्यावी.

दुसरा धोका कागदांचा, आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचे मंडी डबवाली हे जुन्या भागांतून जीप बांधून विकण्यासाठी देशभर ठाऊक आहे. तिथून किंवा अन्य कुठून आलेल्या, देखण्या रंगवलेल्या जीपचे कागद दुसऱ्याच गाडीचे असण्याची शक्यता असते. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर एकच असला पाहिजे. आरटीओत या नंबरची पेन्सिलने छाप घेतली जाते, ती विकत घेणाऱ्याने आधीच घरी घेऊन पाहावी. इंजिन बदललेले असेल तर ते आरसीवर चढलेले हवे. ‘पेट्रोल’ लिहिलेल्या आरसीची जीप डिझेलवर चालत असेल तर विमा कंपनी अपघातानंतर हात वर करू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोर लावली. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीचे लिलावाचे कागद आणि पुढची नागरी नोंदणी दोन्ही पाहावी लागतात.

धारणीपासून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे बैतूल-बऱ्हाणपूरकडच्या गाड्या इकडे येतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधने आल्यापासून तिकडच्याही स्वस्त मिळू लागल्या. बाहेरच्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) घेऊन इथे नवा क्रमांक घ्यावा लागतो, अमरावतीचा एमएच-२७ किंवा अकोल्याचा एमएच-३०. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. इथला रस्ता करही भरावा लागतो. दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते, पण हा हिशेब जोडल्यावर ती जवळच्या गाडीइतकीच पडते. जवळच्या गाडीचा इतिहास मात्र चार जणांना विचारून कळतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी पासिंग करून घेत दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते हलक्या मोटारीसाठी ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. आयात केलेल्या चारचाकीसाठी हाच आकडा ८०,००० आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर असतो, डिझेलला पेट्रोलहून जास्त. १,५०० घनसेंटिमीटरवरच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये आणि त्यावर कर. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घ्यावी लागते. पीयूसीत डिझेलच्या धुराची घनता मोजतात. बीएस-४ आधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे, आणि नोझल-पंप नीट असेल तर जुनी जीप त्यात बसते. तरीही तिचा धूर नव्या गाडीहून खूप घाण असतो. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तिला रोखता येत नाहीत. शहरात रोज चालवायला ही गाडी नको, असे सांगण्याचे कारण हेच.

इंधनाचा बदलही तिला सोसावा लागला आहे. एप्रिल २०१७ पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० होते, एप्रिल २०२० पासून ते १० वर आले. जुन्या पंपांतले रबर वेगळ्या डिझेलसाठी केलेले होते आणि जुन्या सील गळू लागतात. पंपाचे काम काढताना नव्या सील टाकल्या की प्रश्न मिटतो. डब्यात-पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरते, म्हणून फिल्टरखालचे पाणी काढून टाकण्याची सवय ठेवावी लागते. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पाने सायलेन्सरला अडकतात. जंगलात गाडी उभी करण्याआधी ती काढणे हे चालकाचे कर्तव्यच आहे.

सरकारी जीपची वाट मात्र आता संपली आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. ती नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात. पूर्वी खात्याची निकालात काढलेली जीप लिलावातून कास्तकाराकडे किंवा गावातल्या कुणाकडे येत असे आणि आणखी वीस वर्षे चालत असे. मेळघाटासारख्या भागात या नियमाचा फटका मोठा आहे, कारण तिथल्या जुन्या गाड्या किलोमीटरांनी थोड्या आणि वयाने मोठ्या असतात. मोडीचा निकष नुसते वय न ठेवता गाडीची अवस्था आणि धूर ठेवला असता, तर चांगल्या स्थितीतल्या फोर-बाय-फोर वाचल्या असत्या. खासगी मालकाला अजून ही मुभा आहे: गाडी पासिंगला उतरली तर ती चालवता येते.

दरम्यान महिंद्राने आपली जीप उलट दिशेने, अमेरिकेकडे, नेऊन पाहिली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या मिशिगनमध्ये ‘रॉक्सर’ नावाने तिची जोडणी सुरू झाली, २.५ लिटरच्या डिझेल इंजिनासह. फक्त शेत-रानात चालवण्यासाठी, रस्त्यावर नव्हे. जीप हे नाव ज्या कंपनीकडे आहे तिने गाडीच्या रूपावर हरकत घेतली आणि पुढचा चेहरा बदलावा लागला.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पहिल्या एमएम-५४० गाड्या २०३५ च्या सुमारास या वयाला पोहोचतील. पण व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला असला तर ती या नोंदणीला पात्रच ठरत नाही, म्हणजे मागाहून डिझेल बसवलेली सीजे-३बी त्यातून बाद. सेमाडोहकडच्या वाटांवर जीप कामाला लावायची असेल, तर मालकाने ही सोय न घेता दर पाच वर्षांचे साधे नूतनीकरणच चालू ठेवायचे.